लॉग टेबल, छापणारे यंत्र आणि खिशातला कॅल्क्युलेटर

महाराष्ट्राच्या उच्च माध्यमिक मंडळाची बारावीच्या भौतिकशास्त्राची अलीकडची एखादी प्रश्नपत्रिका घेऊन तिच्यावरील सूचना वाचा. लॉग टेबल वापरण्यास परवानगी आहे, कॅल्क्युलेटर वापरण्यास नाही, असे तिथे सांगितलेले आढळेल. दोन्ही साधने आकडेमोडीचीच. मग एकाला मुभा आणि दुसऱ्याला मनाई, असे का? चौकस विद्यार्थी हा प्रश्न विचारतात. "कॅल्क्युलेटरने डोके चालेनासे होते," असे उत्तर आपण देतो खरे, पण ते आपले आपल्यालाच पुरेसे वाटत नाही. क्लार्क टेबलाच्या पानावर बोट फिरवून आकडा शोधताना तरी डोके कितीसे चालते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर ही दोन साधने कुठून आली आणि त्यांचे एकमेकांशी नाते काय, हे पाहायला हवे. ते नाते आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच जवळचे आहे.

कोष्टके आणि दांडे

स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरने १६१४ मध्ये लघुगणकांची कोष्टके प्रसिद्ध केली. गुणाकाराची जागा बेरजेने आणि भागाकाराची जागा वजाबाकीने घ्यावी, ही त्यामागची कल्पना. लंडनच्या हेन्री ब्रिग्जने ही कल्पना १० या पायावर आणली आणि १६२४ मध्ये १ ते २०,००० व ९०,००१ ते १,००,००० या संख्यांचे लघुगणक १४ अंकांपर्यंत काढून छापले. मधली उरलेली जागा १६२८ मध्ये हॉलंडच्या आद्रियान व्लाकने १० अंकी कोष्टकांनी भरून काढली. हे सारे काम हाताने झाले. याच सुमारास विल्यम ऑट्रेडने लघुगणकाच्या मापाने आखलेल्या दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवून गुणाकार करण्याची युक्ती काढली. तोच स्लाइड रूल. पुढची साडेतीनशे वर्षे अभियंत्याची ओळख त्याच्या हातातल्या या पट्टीवरून होत असे.

लॉग टेबल आणि स्लाइड रूल या दोघांतही एक महत्त्वाची गोष्ट समान आहे. ती साधने फक्त अंक सांगतात, दशांशचिन्ह कुठे द्यायचे ते सांगत नाहीत. २ गुणिले ३ आणि २०० गुणिले ०.०३ या दोन्हींसाठी स्लाइड रूल एकाच जागी थांबतो. लॉग टेबलातून आपल्याला मिळतो तो अपूर्णांश. पूर्णांश आपला आपणच ठरवायचा असतो. हा मुद्दा लक्षात ठेवू या. शेवटी तो उपयोगी पडणार आहे.

कार्यालयांची गरज मात्र वेगळी होती. बँका, विमा कंपन्या आणि रेल्वे यांना तीन अंकी उत्तर चालत नव्हते; त्यांना पैन् पै जुळवायची होती. म्हणून तिथे दाते असलेल्या चाकांची यंत्रे आली. पास्कलने १६४२ मध्ये बेरजेचे यंत्र केले होते, पण विकण्याजोगे भरवशाचे यंत्र बनवले ते फ्रान्सच्या थॉमस द कोल्मारने. त्याचे पेटंट १८२० चे आणि नियमित उत्पादन १८५१ पासूनचे. हा थॉमस स्वतः विमा व्यवसायातला होता, हा काही योगायोग नव्हे. त्यानंतर शंभर वर्षे कार्यालयांतून दांडा फिरवायची किंवा विजेच्या मोटारीवर चालणारी यंत्रे खडखडत राहिली. ३४७ ने गुणायचे तर एककाच्या जागी ७ वेळा, दशकाच्या जागी ४ वेळा आणि शतकाच्या जागी ३ वेळा दांडा फिरवायचा. गुणाकार म्हणजे जागा बदलून केलेली पुन्हा पुन्हा बेरीज, हे ही यंत्रे चालवणाऱ्याला हातानेच कळत असे.

या घराण्यातले सर्वांत देखणे यंत्र म्हणजे कुर्टा. ऑस्ट्रियाचा कुर्ट हेर्त्सश्टार्क याला नाझींनी बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबले होते. मुठीत मावेल अशा गणनयंत्राची कल्पना त्याच्या डोक्यात आधीपासून होती. तिचे तपशीलवार आराखडे त्याने छावणीतच काढले, आणि युद्धानंतर १९४८ पासून लिक्टेनश्टाइन या चिमुकल्या देशात ते यंत्र तयार होऊ लागले. मिरी दळायच्या यंत्रासारखे दिसणारे हे नळकांडे १९७० च्या आगेमागेपर्यंत विकले जात होते. ते थांबले त्याचे कारण आता पाहायचे आहे.

खडखडाट थांबला

१९६१ मध्ये इंग्लंडच्या बेल पंच कंपनीने 'अनिता' नावाचे टेबलावर ठेवायचे गणनयंत्र बाजारात आणले. ही कंपनी मूळची तिकिटांना भोक पाडणारे पंच बनवणारी. भोक पडले की घंटी वाजे, म्हणून कंपनीचे नाव बेल पंच. अनितामध्ये फिरणारी चाके नव्हती, निर्वात व वायू भरलेल्या नळ्या होत्या. आकडेमोड प्रथमच निःशब्द झाली. १९६४ मध्ये जपानच्या शार्पने नळ्यांच्या जागी ट्रान्झिस्टर वापरून यंत्र केले. त्याचे वजन होते २५ किलो आणि किंमत ५,३५,००० येन. तेवढ्या पैशांत तेव्हा जपानमध्ये एखादी मोटारगाडी येत असे.

ट्रान्झिस्टर सुटे सुटे जोडायचे, तोवर यंत्र लहान होण्याला मर्यादा होती. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत जॅक किल्बी याने १९५८ मध्ये एकाच अर्धवाहक तुकड्यावर पूर्ण मंडल तयार करून दाखवले होते. हीच इंटिग्रेटेड सर्किटची, म्हणजे आयसीची सुरुवात. याच कामासाठी त्याला २००० साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण साठच्या दशकात आयसी महाग होती आणि तिचे गिऱ्हाईक मुख्यतः लष्कर व अवकाश कार्यक्रम. सामान्य माणसाला आयसी विकत घ्यावीशी वाटेल अशी एखादी वस्तू हवी होती. कंपनीचे प्रमुख पॅट्रिक हॅगर्टी यांनी १९६५ मध्ये किल्बीपुढे हातात मावणाऱ्या गणनयंत्राची कल्पना ठेवली. म्हणजे इथे आधी तंत्र तयार होते आणि त्याला गरज शोधली जात होती. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

किल्बी, जेरी मेरिमन आणि जेम्स व्हॅन टॅसल या तिघांनी १९६७ पर्यंत नमुना तयार केला. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करणारे, सुमारे सव्वा किलोचे, बॅटरीवर चालणारे ते यंत्र होते. त्याला पडदा नव्हता. त्या काळचे चमकणारे अंक दाखवायला शेकडो व्होल्टचा दाब लागे, तो बॅटरीवर परवडणारा नव्हता. म्हणून या यंत्रात उत्तर कागदाच्या अरुंद पट्टीवर उमटे, तेही शाईशिवाय. छपाईच्या टोकावर अगदी लहान विद्युतरोधक बसवलेले असत. त्यांतला हवा तो क्षणभर तापवला की उष्णतेने रंग बदलणाऱ्या कागदावर ठिपका उमटे. एसटीचा वाहक आज हातातल्या यंत्रातून जे तिकीट काढून देतो, किंवा एटीएममधून जी चिठ्ठी बाहेर पडते, ती याच तत्त्वावर छापलेली असते. असे तिकीट उन्हात तापले की काळवंडते आणि जुने झाले की पुसट होते, ते यामुळेच. पूर्वीच्या वाहकाच्या हातातला टकटक वाजणारा पंच आणि आजचे यंत्र ही दोन्ही साधने अशी गणनयंत्रांच्या इतिहासाला येऊन मिळतात.

या नमुन्यावर आधारलेला 'पॉकेट्रॉनिक' कॅल्क्युलेटर जपानच्या कॅनन कंपनीने १९७० मध्ये विक्रीला आणला. नावात खिसा असला तरी तो मावायला कोटाचा खिसा बराच मोठा असावा लागे.

हिशेबनिसाच्या कागदी पट्टीतून

कार्यालयांत कागदी पट्टीचे महत्त्व वेगळेच होते. हिशेबनिसाला नुसते उत्तर नको असते. कोणते आकडे घातले तेही नंतर तपासता यायला हवेत. या गरजेतून दोन गोष्टी जन्मल्या, आणि त्या दोन्हींनी पुढे कार्यालयांचा कायापालट केला.

पहिली गोष्ट छोट्या प्रिंटरची. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी सेको समूहाने शर्यतीची वेळ छापून देणारी घड्याळे केली होती. त्या अनुभवावरून समूहातील शिन्शू सेइकी या कंपनीने १९६८ मध्ये 'ईपी-१०१' हा सुमारे अडीच किलोचा लहान प्रिंटर बनवला. त्यात अंक कोरलेला एक दंडगोल सतत फिरत असे, आणि हवा तो अंक कागदासमोर आला की नेमक्या क्षणी छोटी हातोडी कागदावर आपटे. गणनयंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांनी हे प्रिंटर लाखांनी घेतले. 'ईपी'चे वंशज, ईपीचे पुत्र, या अर्थाने १९७५ मध्ये कंपनीने आपल्या मालाला नाव दिले एप्सन. नंतरच्या काळात शाळा-कॉलेजांच्या कार्यालयांत करकरत चालणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नाव नवे नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. बिझिकॉम या जपानी कंपनीला १९६९ मध्ये छापणाऱ्या गणनयंत्रांसाठी आयसी हव्या होत्या. हे काम तिने इंटेल या अमेरिकेतील नव्या, लहान कंपनीला दिले. कीबोर्ड सांभाळायला एक चिप, प्रिंटरच्या दंडगोलाची वेळ साधायला दुसरी, गणिताला तिसरी, अशा साधारण डझनभर वेगवेगळ्या चिप बनवाव्यात, असा बिझिकॉमचा आराखडा होता. इंटेलचा टेड हॉफ याला हे फार गुंतागुंतीचे वाटले. त्याने सुचवले की प्रत्येक कामाला वेगळे मंडल करण्याऐवजी साध्या सूचना पाळणारी एकच सर्वसाधारण चिप करावी, आणि कोणते काम करायचे ते स्मृतीत साठवलेल्या सूचनांवर सोडावे. स्टॅन मेझर, फेडेरिको फॅजिन आणि बिझिकॉमचे अभियंते मासातोशी शिमा यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. सुमारे २,३०० ट्रान्झिस्टरांची '४००४' ही चिप नोव्हेंबर १९७१ मध्ये जाहीर झाली. तोच बाजारात आलेला पहिला एका चिपवरचा मायक्रोप्रोसेसर.

यातली मेख अशी. चिप मुळात बिझिकॉमसाठीच बनलेली होती. बिझिकॉमला स्पर्धेमुळे ती स्वस्तात हवी होती, आणि किंमत कमी करून घेताना तिने गणनयंत्रांव्यतिरिक्त इतर उपयोगांसाठी ती कोणालाही विकण्याची मोकळीक इंटेलला दिली. १९७४ मध्ये बिझिकॉमचे दिवाळे वाजले. इंटेलचे पुढे काय झाले, ते सांगायला नको. आज घराघरांत असलेल्या संगणकाची वंशावळ अशी एका हिशेबाच्या यंत्रापर्यंत जाऊन पोहोचते.

लॉग टेबल यंत्रात शिरले

आतापर्यंतच्या यंत्रांना चार मूलभूत क्रियाच येत होत्या. साइन, कोसाइन आणि लॉग यांच्यासाठी कोष्टके किंवा स्लाइड रूल लागतच होता. फेब्रुवारी १९७२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा 'एचपी-३५' आला आणि हे चित्र बदलले. शर्टाच्या खिशात मावेल एवढे हे यंत्र व्हावे, असा विल्यम ह्यूलेट यांचा आग्रह होता. त्यावर ३५ कळा होत्या, म्हणून ते नाव. किंमत ३९५ डॉलर.

या यंत्रात लॉग कसा निघत असे? संपूर्ण कोष्टक साठवायला त्यात जागा नव्हती. वापरलेली रीत थेट ब्रिग्जच्या काळाशी नाते सांगणारी होती. आपण ती वर्गात करून पाहू शकतो. सोयीसाठी आपण पाया १० घेऊ आणि ३ चा लॉग काढू.

युक्ती अशी: ३ ला २, १.१, १.०१, १.००१, १.०००१ यांनी क्रमाने, १० ओलांडणार नाही इतक्या वेळा गुणत जायचे. ३ ला २ ने गुणले, ६ आले. ६ ला १.१ ने पाच वेळा गुणले की ६.६, ७.२६, ७.९८६, ८.७८४६ आणि ९.६६३०६ मिळतात. आणखी एकदा गुणले तर १० ओलांडले जातील, म्हणून थांबायचे. आता १.०१ ने तीन वेळा गुणले की ९.९५५८६ येतात. १.००१ ने चार वेळा गुणून ९.९९५७४, आणि १.०००१ ने चार वेळा गुणून ९.९९९७४. म्हणजे जवळजवळ १० झाले.

आता फक्त पाच लॉग माहीत हवेत: २ चा ०.३०१०३, १.१ चा ०.०४१३९३, १.०१ चा ०.००४३२१, १.००१ चा ०.०००४३४ आणि १.०००१ चा ०.००००४३. यांना अनुक्रमे १, ५, ३, ४ आणि ४ ने गुणून बेरीज केली की ०.५२२८७ येते. १० चा लॉग १. त्यातून ही बेरीज वजा केली की उरतात ०.४७७१३. क्लार्क टेबलात पाहा, ३ चा लॉग ०.४७७१ असाच दिलेला आहे.

या कृतीत खरा गुणाकार एकही नाही, हे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे. १.१ ने गुणणे म्हणजे तीच संख्या एक घर सरकवून तिच्यातच मिळवणे: ६ अधिक ०.६. १.०१ ने गुणणे म्हणजे दोन घरे सरकवून मिळवणे. सरकवणे आणि बेरीज, एवढेच काम यंत्राला येत असले तरी पुरते. एचपी-३५ मध्ये हिशेब नैसर्गिक लघुगणकाचा होता आणि मांडणी थोडी वेगळी होती, पण तत्त्व हेच. साइन-कोसाइनसाठीही जॅक वोल्डर याने पन्नाशीच्या दशकात विमानांच्या दिशादर्शनासाठी शोधलेली 'कॉर्डिक' ही याच धाटणीची रीत होती. थोडक्यात, कॅल्क्युलेटरने लॉग टेबल हद्दपार केले नाही. त्याचा अर्क काढून पोटात ठेवला.

या यंत्राची आणखी एक हकीकत शिक्षकांनी सांगण्याजोगी आहे. पहिल्या काही हजार यंत्रांत एक चूक राहून गेली होती. २.०२ चा नैसर्गिक लॉग काढून लगेच त्याचा प्रतिलॉग घेतला की २.०२ परत यायला हवेत. पण यंत्र २ दाखवी. कंपनीने ही चूक ग्राहकांना कळवली आणि यंत्रे बदलून देऊ केली. उलट क्रिया करून मूळ संख्या परत येते का हे पाहण्याची, आपण चौथीत भागाकार तपासायला शिकवतो तीच ताळ्याची पद्धत इथे कामी येते.

किमतींची घसरण

त्यानंतरची चार-पाच वर्षे किमतींच्या लढाईची होती. १९७२ मध्येच इंग्लंडच्या क्लाइव्ह सिंक्लेअरने जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा कॅल्क्युलेटर आणला. चिपला सलग वीज न देता तुटक तुटक ठोके देऊन त्याने बॅटरीची बचत केली होती. त्याच वर्षी जपानमध्ये १२,८०० येनला 'कॅसिओ मिनी' आला आणि कॅल्क्युलेटर कार्यालयातून घरात शिरला. १९७३ मध्ये शार्पने द्रवस्फटिकाचा पडदा वापरला. हा पडदा स्वतः प्रकाश देत नाही, बाहेरचा प्रकाश फक्त अडवतो किंवा जाऊ देतो, त्यामुळे त्याला वीज अत्यल्प लागते. इतकी अल्प, की १९७६ पासून सौरघटावर चालणारे कॅल्क्युलेटरही येऊ लागले. १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा लॉग व साइन काढणारा 'टीआय-३०' अवघ्या २५ डॉलरला मिळत होता. चार वर्षांपूर्वी याच कामाला ३९५ डॉलर पडत होते.

या घसरणीत स्लाइड रूलचे कारखाने सत्तरीच्या दशकाच्या मध्याला बंद पडले. बोमार ही अमेरिकी कंपनी दुसऱ्यांकडून चिप घेऊन कॅल्क्युलेटर बनवी. चिप बनवणारेच बाजारात उतरल्यावर तिचा निभाव लागला नाही आणि १९७५ मध्ये तिला दिवाळे काढावे लागले. भारतात आयातीवर निर्बंध असल्याने ही लाट उशिरा आणि महाग होऊन आली. परदेशातून कोणी नातेवाईक येणार म्हटले की कॅल्क्युलेटर आणण्याची चिठ्ठी जात असे.

मग परवानगी कशाला?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. आपण पाहिले की लॉग टेबल आणि कॅल्क्युलेटर यांत गणिताच्या दृष्टीने मोठा भेद नाही. खरा भेद दशांशचिन्हाचा आहे. लॉग टेबल वापरणाऱ्याला उत्तर शेकड्यात येणार की हजारात, हे स्वतः ठरवावे लागते. कॅल्क्युलेटर तेही ठरवून देतो. म्हणून चुकून एक शून्य जास्त दाबले गेले, तरी आलेल्या उत्तरावर विद्यार्थी बिनदिक्कत विश्वास ठेवतो. अंकांची दुसरी भूलही आहे. पट्टीने मोजलेल्या ७.३ सेंटिमीटरला २.१ सेंटिमीटरने भागले की पडद्यावर ३.४७६१९०४७६ दिसते आणि वहीतही तसेच उतरते. मोजमाप दोन अंकी असताना दहा अंकी उत्तराला काही अर्थ नाही. स्लाइड रूलवर ही चूक करताच येत नसे.

मनाईमागचे हे कारण खरे आहे, पण उपाय मनाई हाच असायला हवा असे आम्हाला वाटत नाही. प्रयोगशाळेत काम करणारे आम्ही लोक दिवसभर यंत्रांनीच आकडेमोड करतो. यंत्राने दिलेले उत्तर आधी मनाशी बांधलेल्या अंदाजाशी ताडून पाहतो, आणि दोन्हींत दहापटीचा फरक दिसला की थांबतो. ही सवय परीक्षेच्या सूचनेने लागत नाही, वर्गातच लावावी लागते. बारावीच्या परीक्षेत न चालणारे यंत्र पुढे पदवीच्या वर्गात विद्यार्थ्याच्या हातात येतेच. तेव्हा ही सवय नसेल तर नुकसान त्याचेच.

त्यासाठी तीन साधे पाठ सुचवतो. पहिला: कळ दाबण्यापूर्वी अंदाज वहीत लिहायचा. आपल्या वर्गातील हवेचे वस्तुमान किती? खोली ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच असेल, तर घनफळ १६८ घनमीटर. एका घनमीटरला सुमारे १.२ किलो धरले तर दोनशे किलोच्या आसपास. बहुतेक मुले आधी दोन-चार किलो म्हणतात. हा धक्का त्यांना बसू द्यावा. दुसरा: साध्या, चार क्रियांच्या कॅल्क्युलेटरवर १ ला ३ ने भागून लगेच ३ ने गुणायला सांगावे. पुष्कळ यंत्रांवर १ ऐवजी ०.९९९९९९९ येते. काही यंत्रांवर १ येतो, कारण ती न दिसणारे जादा अंक पोटात ठेवतात. कोणत्या यंत्रात किती अंक दडले आहेत, हे शोधायला मुलांना आवडते. आणि तिसरा: वर दिलेल्या रीतीने ७ चा लॉग प्रत्येकाने हाताने काढायचा, आणि मग क्लार्क टेबलाशी व कॅल्क्युलेटरशी जुळवून पाहायचा. दोन तासिका लागतील, पण ब्रिग्जचे काम आणि एचपी-३५ चे काम ही दोन्ही त्यांच्या हातून झालेली असतील.